रोजची गोळी, दोन महिन्यांची सुई आणि भावाचा हिशेब

नांदेडच्या देगलूर नाक्यावर मालवाहतुकीचा व्यवसाय करणारे आमचे एक स्नेही मागे वर्तमानपत्राचे एक कात्रण खिशात घालून आमच्याकडे आले. एड्सवरील सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन आता वर्षाला अवघ्या साडेतीन हजार रुपयांत मिळणार, असा त्या बातमीचा आशय होता. त्यांच्याकडे गेली अकरा वर्षे हैदराबादच्या फेऱ्या करणारा एक चालक आहे. तो एच.आय.व्ही.बाधित असून रोजच्या गोळीवर ठणठणीत आहे, हे मालकाखेरीज कोणालाही ठाऊक नाही. ते म्हणाले, "भाई, पैशाचं मी बघतो. ही सुई मिळते कुठं, तेवढं सांगा." मग आवाज खाली करून म्हणाले, "त्यानं आठ दिवसांपासून गोळ्या बंद केल्यात. सुई येणारच आहे म्हणतो, तर रोज कशाला घ्यायची?"

आम्ही त्यांना सर्वप्रथम एकच सांगितले की, त्या चालकाला उद्याच एआरटी केंद्रात पाठवा, आठ दिवसांचा खाडा झाल्याचे तेथे न लपवता सांगू द्या आणि गोळी पुन्हा सुरू होऊ द्या. कात्रणाची चर्चा त्यानंतर. ती चर्चा पुढे बरीच लांबली. असा गैरसमज त्या एका चालकापुरता नसावा, म्हणून ती या पानावर मांडत आहोत. हा विषय आरोग्याच्या पानाचा नव्हे काय, असे कोणी विचारील. परंतु औषधाचा भाव, परवाना, कारखाना, पुरवठा आणि कामाचे बुडणारे दिवस या साऱ्या व्यापाराच्याच गोष्टी आहेत.

इंजेक्शने दोन, काम वेगळे

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत दोन निरनिराळी औषधे एकत्र मिसळली गेली आहेत. कात्रणातील औषध आहे लेनाकापाविर. ते अमेरिकेच्या गिलियड कंपनीचे असून पोटाच्या कातडीखाली वर्षातून दोनदा टोचतात. स्वस्त भावाची जी घोषणा २४ सप्टेंबर २०२५ रोजी झाली, ती प्रतिबंधासाठी आहे. म्हणजे ज्याला लागण झालेली नाही परंतु होण्याचा धोका आहे, अशा माणसासाठी. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील चाचणीत हे इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ तरुणी व मुलींपैकी एकीलाही लागण झाली नाही, हे २०२४ साली जाहीर झाले आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला. गाजावाजा रास्तच होता. परंतु ज्याच्या रक्तात विषाणू आधीच आहे त्याला केवळ या एका औषधावर ठेवता येत नाही. एच.आय.व्ही.च्या उपचारात एकटे औषध म्हणजे विषाणूला पळवाट दाखविणे होय. उपचार म्हणून लेनाकापाविरला २०२२ साली युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती अनेक औषधांना न जुमानणाऱ्या विषाणूच्या रुग्णांसाठी आणि तीही इतर औषधांच्या जोडीने. आमच्या स्नेह्यांचा चालक यांपैकी कशातच बसत नाही.

बाधितांच्या नेहमीच्या उपचारासाठी जी सुई आहे ती दुसरीच. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरीन अशी ती जोडी असून पहिले औषध व्हीव हेल्थकेअरचे व दुसरे जॉन्सन अँड जॉन्सनच्या घरचे आहे. कॅनडाने मार्च २०२० मध्ये, युरोपने त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणि अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आरंभी ती महिन्याला एकदा टोचत, २०२२ पासून अमेरिकेतही दोन महिन्यांतून एकदा टोचण्यास संमती मिळाली. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. मात्र शिफारशीचे शब्द नीट वाचावेत. ज्या प्रौढांचा व किशोरवयीनांचा विषाणू गोळ्यांनी पूर्णपणे दबलेला आहे आणि ज्यांना हिपॅटायटिस बी नाही, त्यांना गोळीऐवजी बदल म्हणून ही सुई देता येईल, असे ते शब्द आहेत. म्हणजे आधी गोळी नीट घेतलेली असली पाहिजे. गोळी सोडून सुईची वाट पाहणारा माणूस सुईसाठी लागणारी पात्रताच घालवून बसतो. आमच्या स्नेह्यांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते.

सुई दोन महिने टिकते कशी

गोळी पोटात विरघळते, रक्तात उतरते आणि दिवसभरात शरीर तिचा निकाल लावते. म्हणून ती रोज. या सुईत औषधाचे अतिशय बारीक कण द्रवात तरंगत ठेवलेले असतात. ते पाण्यात सहजी विरघळत नाहीत. कमरेच्या स्नायूत, दोन्ही बाजूंना एकेक अशी दोन इंजेक्शने देतात. तेथे औषधाचा साठा होतो आणि तो कणाकणाने रक्तात उतरत राहतो. गोदामातून माल रोज थोडा थोडा दुकानात यावा, तसेच हे आहे. पहिल्या दोन सुया महिन्याच्या अंतराने आणि मग दर दोन महिन्यांनी. ठरलेल्या तारखेच्या आधी किंवा नंतर सात दिवसांची सवलत असते.

या गोदामाची एक खोडही आहे. माल भरणे थांबविले तरी तळाशी थोडा माल वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ झिरपत राहतो. तो विषाणूला मारण्यास पुरत नाही, पण त्याला औषधाची ओळख करून देण्यास पुरतो. तारखा चुकविणाऱ्याच्या शरीरात औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होण्याची भीती येथेच आहे. त्यातून कॅबोटेग्राविर हे ज्या घराण्यातील औषध आहे, त्याच घराण्यातील डोलुटेग्राविर आपल्या सरकारी केंद्रांत मिळणाऱ्या गोळीचा मुख्य आधार आहे. सुई फसली तर गोळीही हातची जाऊ शकते. असे थोड्याच रुग्णांत घडते. युगांडा, केनिया आणि दक्षिण आफ्रिकेत ५१२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका वर्षानंतर सुईच्या व गोळीच्या दोन्ही गटांत सुमारे ९७ टक्के लोकांचा विषाणू दबलेलाच होता. परंतु ते रुग्ण चाचणीतले होते, त्यांची तारीख चुकली की विचारणा करणारा माणूस होता. आपल्याकडचा ऊसतोड कामगार दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो. त्याच्या तारखेची आठवण कोण ठेवणार?

मराठवाड्यापुरत्या आणखी दोन अडचणी. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध सुरू असताना ही सुई देता येत नाही, कारण त्याने दोन्ही औषधांचे रक्तातील प्रमाण घसरते. एच.आय.व्ही.बाधितांत क्षयरोग आपल्याकडे नित्याचाच. दुसरी अडचण थंडाव्याची. रिल्पिविरीनची कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. मे महिन्यात किनवट किंवा मुखेडच्या सरकारी रुग्णालयात वीज गेल्यावर फ्रीजचे काय होते, हे लस सांभाळणाऱ्या परिचारिकांना विचारावे.

जुन्या स्वस्ताईची सावली

आता भावाकडे वळू. ही कथा मुंबईच्या सिप्लापासून सुरू करावी लागते. अलीगढचे ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली ही कंपनी काढली. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे तर केवळ ते बनविण्याच्या पद्धतीवर पेटंट मान्य केले. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनविण्याची मुभा देशी कारखानदारांना त्यामुळे मिळाली. याच मुभेवर फेब्रुवारी २००१ मध्ये ख्वाजा साहेबांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दराने देऊ केला. हा दर सेवाभावी डॉक्टरांच्या संघटनेसाठी होता, सरकारांसाठी ६०० डॉलरचा. तोच उपचार पाश्चात्त्य कंपन्यांकडून घेतल्यास वर्षाला १० ते १५ हजार डॉलर पडत असत. व्यापारात भाव दहा टक्क्यांनी उतरला तरी मोंढ्यात खळबळ होते. येथे तो पंचविसाव्या हिश्श्याच्याही खाली आला. नफेखोरीच्या धंद्यात असा व्यवहार विरळा, आणि तो एका भारतीय कारखानदाराने केला याचे आम्हांस अप्रूप वाटते.

त्या स्वस्ताईच्या आधारावरच भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू केले. आरंभी देशात आठच केंद्रे होती, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. नांदेड-लातूरचा रुग्ण तेव्हा रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठी. आज नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात केंद्र आहे. टेनोफोविर, लॅमिव्युडीन व डोलुटेग्राविर अशी तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा, मोफत. या गोळीचा जागतिक खरेदीतील भाव २०२३ साली वर्षाला ४५ डॉलरच्या खाली गेला.

पण सिप्लाच्या त्या पहिल्या मिश्रणात नेव्हिरापीन नावाचे औषध होते आणि आपल्या सरकारी उपचारातही ते पुष्कळ वर्षे चालले. नव्या सुईतील रिल्पिविरीन हे त्याच जातीचे औषध आहे. ज्या जुन्या रुग्णांनी त्या काळी गोळ्या चुकविल्या, कधी मजुरीपायी, कधी केंद्रात साठा संपल्यामुळे, त्यांच्यातील काहींच्या विषाणूने या जातीच्या औषधांना ओळखून ठेवलेले असू शकते. अशांना सुई लागू पडेलच असे नाही. वीस वर्षांपूर्वी ज्या औषधाने जीव वाचविला, तेच आज नव्या औषधाच्या वाटेत आडवे येऊ शकते. म्हणून जुना रुग्ण असेल तर त्याने आपले पूर्वीचे उपचारपत्रक फाडू नये, जपून ठेवावे. कोणती गोळी कोणत्या साली घेतली हे पुढे डॉक्टर विचारतीलच.

आज वाट परवान्याची

आमच्या स्नेह्यांनी विचारले, "मग सिप्लाने तेव्हा केले तसे आताही का करू नये? बनवावी सुई आणि विकावी." प्रश्न व्यापाऱ्याचाच आहे. उत्तर असे की, १ जानेवारी २००५ पासून भारतातही औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळू लागले. ही नवी औषधे त्यानंतरच्या काळातली. २००१ ची वाट आज सरळ खुली नाही. राहिले दोन मार्ग. एक, पेटंटचा अर्जच लायक नाही असे पेटंट कार्यालयापुढे सिद्ध करणे. मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने लेनाकापाविरच्या अर्जांना असाच विरोध नोंदविला. दुसरा, मूळ कंपनीने आपणहून दिलेला परवाना.

गिलियडने ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कारखानदारांना १२० देशांत विक्रीचे परवाने दिले. त्यांत हैदराबादचे डॉ. रेड्डीज आणि हेटेरो, पुण्याचे एम्क्युअर, शिवाय मायलन, इजिप्तची ईव्हा आणि पाकिस्तानची फिरोजसन्स यांचा समावेश आहे. मोबदल्यात गिलियड विक्रीवर हिस्सा घेणार नाही. कॅबोटेग्राविरचा परवाना मेडिसिन्स पेटंट पूल या संस्थेमार्फत मार्च २०२३ मध्ये ऑरोबिंदो, सिप्ला व व्हायाट्रिस यांना मिळाला. तो आधी केवळ प्रतिबंधापुरता होता. जुलै २०२५ मध्ये तो उपचारासाठीही वाढवून १३३ देशांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. अर्थात जोडीतील दुसरे औषध, रिल्पिविरीन, यात येत नाही. एका पायाची चप्पल स्वस्त झाली म्हणून जोड स्वस्त होत नाही.

भाव किती उतरू शकतो याची कल्पना मूळ किमतीवरून यावी. अमेरिकेत कॅबोटेग्राविर-रिल्पिविरीनची किंमत बाजारात आली तेव्हा महिन्याला ३,९६० डॉलर होती, म्हणजे जवळजवळ २ लाख ९० हजार रुपये. प्रतिबंधाच्या लेनाकापाविरची अमेरिकेतील छापील किंमत २०२५ साली वर्षाला २८,२१८ डॉलर. आपल्या हिशेबाने सुमारे २४ लाख. तेच औषध डॉ. रेड्डीज आणि हेटेरो २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरला देणार आहेत. ही जादू नव्हे. गेट्स फाउंडेशन, युनिटेड आणि क्लिंटन यांच्या आरोग्य संस्थेने आगाऊ पैसा व हमी उभी केली. लातूरच्या आडतीत तूर विकणाऱ्यास हे समजावून सांगावे लागणार नाही. वर्षभराचा माल उचलण्याची हमी मिळाली की गिरणीवाला दाळ कमी भावात देतो, किरकोळ गिऱ्हाइकाला देत नाही. सुईच्या बाबतीत हमीचे महत्त्व अधिकच, कारण गोळीच्या कारखान्यात सुई बनत नाही. निर्जंतुक इंजेक्शनासाठी वेगळी शेड, वेगळी यंत्रे व वेगळी तपासणी लागते. गिऱ्हाईक पक्के नसताना एवढा पैसा कोण गुंतविणार?

या साऱ्यात आमच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. नांदेडला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. आमच्या स्नेह्यांच्या गाड्या रात्री निघून सकाळी तेथे पोहोचतात. जगातील १२० देशांना पुरेल ते औषध ज्या शहरात तयार होणार, त्याच शहराच्या रस्त्यावर हा चालक आपली गोळी तंबाखूच्या डबीत लपवून आयुष्य काढत आहे. डबीवरचे लेबल त्याने केव्हाच खरवडून टाकले.

कामाच्या दिवसांचा हिशेब

सुईचे खरे मोल या लपविण्यातच आहे. एकत्र कुटुंबात, भाड्याच्या खोलीत, ट्रकच्या केबिनमध्ये रोज गोळी घेणे म्हणजे रोज पकडले जाण्याची धास्ती. सुई टोचून घेतली की दोन महिने घरात काही सापडण्याचा प्रश्न नाही. लातूर जिल्ह्यात हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ पासून चालविलेल्या सेवालयासारख्या संस्थांतून एच.आय.व्ही.बाधित मुले वाढली, कामाधंद्याला लागण्याच्या वयाची झाली. जन्मापासून औषध घेणाऱ्या अशा मुलांना ऐन तारुण्यात गोळीचा कंटाळा येतो, असा जगभरचा अनुभव आहे. त्यांच्यासाठी सुई वरदान ठरू शकेल.

परंतु मजुरीचा हिशेब कोणी मांडत नाही, तो आम्ही मांडतो. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णास केंद्रातून एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आहे. म्हणजे वर्षाला चार खेपा. दोन महिन्यांच्या सुईला सहा खेपा. माहूर-किनवटकडील माणसाची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी, बसभाडे आणि मुकादमाला सांगायची एक थाप. सुई रोजची गोळी वाचविते, बसची खेप वाचवीत नाही, उलट दोन वाढविते. ती तालुक्याच्या दवाखान्यात टोचून मिळाली तरच गरिबाला परवडेल. सहा महिन्यांत एकदा घ्यावयाची संपूर्ण उपचाराची सुई निघाली तर हा हिशेब पालटेल. लेनाकापाविरला जोडीदार शोधण्याच्या चाचण्या सुरू आहेत.

रमजानविषयी विचारणा होते म्हणून एवढेच, की सध्याची गोळी दिवसातून एकदाच असल्याने ती इफ्तारनंतर घेता येते. रोज्यापायी ती बंद करण्याचे काही कारण नाही. वेळ बदलावयाची झाल्यास केंद्रातील डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

मालकांसाठीही दोन शब्द आवश्यक आहेत. एच.आय.व्ही.विषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी देण्यापूर्वी या चाचणीची अट घालता येत नाही, बाधित आहे म्हणून कामावरून काढता येत नाही आणि त्याच्या संमतीवाचून ही गोष्ट तिसऱ्याला सांगता येत नाही. मोंढ्यातील आडते, ट्रान्सपोर्टवाले, जिनिंगवाले यांपैकी कित्येकांना हा कायदा असल्याचेच ठाऊक नाही. आमच्या स्नेह्यांनाही नव्हते. त्यांनी जे केले ते माणुसकीने केले. ज्याला कोणापाशी बोलता येत नाही त्याने १०९७ या क्रमांकावर विचारावे, फोनला पैसे पडत नाहीत.

आमचे स्नेही परवा पुन्हा भेटले. चालक केंद्रात जाऊन आला, गोळी सुरू झाली, डॉक्टर रागावले पण परत पाठविले नाही. विषाणूची मात्रा तपासण्यासाठी पुढची तारीख दिली आहे. त्या दिवशीची हैदराबादची फेरी स्नेह्यांनी दुसऱ्या गाडीला दिली असून मुनीमजींच्या वहीत कारण म्हणून 'गाडी दुरुस्ती' असे लिहून ठेवले आहे.